शंका वाचकांच्या : वापरलेली महागडी एसयूव्ही घेताना

या महिन्यात आलेल्या बहुतेक पत्रांमध्ये एकच काळजी आहे : पाच-सात वर्षं वापरलेली आलिशान एसयूव्ही आवाक्यातल्या किमतीला मिळते आहे, पण ती टिकेल का? 'कुठली कंपनी भरवशाची' एवढंच विचारून याचं उत्तर मिळत नाही. एकाच कंपनीचं एक इंजिन दोन लाख किलोमीटर निमूट चालतं आणि दुसरं ऐंशी हजारांत खाली उतरवावं लागतं. म्हणून खाली प्रत्येक गाडीबद्दल तिचं इंजिन, तिचं साल आणि तिच्या ठरावीक दुखण्यांपासून सुरुवात केली आहे.

प्रश्न : नव्या फॉर्च्युनरपेक्षा बऱ्याच कमी पैशांत २०१८ ची लँड रोव्हर डिस्कव्हरी स्पोर्ट मिळते आहे. २.० डिझेल, ७२ हजार किमी. महिन्यातून दोन-तीनदा कुंभार्ली घाटातून चिपळूणला जाणं होतं, बाकी सगळं गावात आणि शेताच्या रस्त्यावर. घरचे म्हणतात, पांढरा हत्ती दारात बांधू नको. काय करावं? (एक वाचक, कराड)

उत्तर : घरच्यांची भीती बिनबुडाची नाही. मात्र ती नेमकी कुठे लागू पडते ते समजून घ्या.

या गाडीत कंपनीचं स्वतःचं 'इंजेनियम' डिझेल आहे. त्याची टायमिंग चेन, म्हणजे इंजिनाच्या आतल्या फिरत्या भागांचा मेळ राखणारी साखळी, इंजिनाच्या मागच्या टोकाला, म्हणजे गिअरबॉक्सच्या बाजूला बसवलेली आहे. चेन सैल झाली किंवा तिचं प्लास्टिकचं गाइड झिजलं, तर गिअरबॉक्स वेगळा केल्याशिवाय तिथे हात पोहोचत नाही, आणि बऱ्याचदा इंजिनच खाली उतरवावं लागतं. सुटे भाग हे बिलातलं लहान कलम, खरा आकडा मजुरीचा.

चेन वेळेआधी का जाते, तर बहुतेकदा ऑइलमुळे. धुराड्यातल्या डीपीएफमध्ये, म्हणजे काजळी अडवणाऱ्या जाळीत, काजळी साठली की गाडी ती आपणहून जाळते. त्यासाठी सिलिंडरमध्ये जादा डिझेल सोडलं जातं. इंजिन पुरेसं तापलेलं असेल आणि गाडी सलग धावत असेल तर हे काम पंधरा-वीस मिनिटांत उरकतं. पण घर ते शेत, शेत ते बाजार अशा छोट्या फेऱ्यांमध्ये ते दर वेळी अर्धवट राहतं. न जळलेलं डिझेल रिंगांच्या फटीतून खाली ऑइलमध्ये उतरतं. ऑइल पातळ होतं, त्याच ऑइलच्या दाबावर चालणारा चेनचा टेन्शनर ढिला पडतो आणि टर्बोचं बेअरिंगही घासू लागतं. डिस्कव्हरी स्पोर्ट आणि इव्होक या आडव्या इंजिनाच्या गाड्यांमध्ये ही तक्रार जास्त ऐकू येते.

आता तपासणी. गाडी बघायला जाण्याआधी सांगून ठेवा की रात्रभर उभी असलेली गाडीच बघायची आहे. गेल्यावर आधी बॉनेटला हात लावा. कोमट लागलं तर परत फिरा आणि दुसऱ्या दिवशी सकाळी जा. थंड इंजिन सुरू करताना एकाने स्टार्ट द्यावा, दुसऱ्याने गिअरबॉक्सच्या बाजूला कान द्यावा. सेकंदभराची खरखर चालेल, पण दोन-तीन सेकंदांच्या पुढे साखळी वाजत राहिली तर सौदा तिथेच थांबवा. डिपस्टिक असेल तर पुसून पातळी बघा, नसेल तर स्क्रीनवर पाहा. पातळी वरच्या खुणेच्या पुढे असेल किंवा ऑइलला डिझेलचा वास येत असेल तर काय झालं आहे ते वर आलंच आहे. गाडीच्या संगणकातले बिघाडाचे कोड वाचणारा स्कॅनर लावून घ्या. पी००१६ हा क्रँक आणि कॅमचा मेळ चुकल्याचा कोड आहे. तो साठवलेल्या कोडमध्ये दिसला तरी गाडी सोडा.

सर्व्हिसच्या नोंदींमध्ये तारखा आणि किलोमीटर शेजारी शेजारी मांडा. मॅन्युअलमधला लांब पल्ला गाठून ऑइल बदललेली गाडी आणि दर दहा-बारा हजारांवर बदललेली गाडी या दोन वेगळ्या वस्तू आहेत, मग मॉडेल एकच का असेना. ऑइल ०डब्ल्यू-३०, एसटीजेएलआर.०३.५००७ या मानकाचंच हवं. कॉलनीच्या कोपऱ्यावर मिळणारं '५डब्ल्यू-४० फुल सिंथेटिक' हा त्याला पर्याय नाही. जास्त राखेचं ऑइल डीपीएफ कायमचं बुजवतं.

आणखी एक भाग हमखास विसरला जातो : मागच्या डिफरन्शियलजवळचं, मागच्या चाकांना ताकद जोडणारं हॅल्डेक्स कपलिंग. त्याच्या पंपाला बारीक जाळी असते. ती क्लचच्या गाळाने भरते, पंप जळतो आणि मागच्या चाकांना ताकद जाणं बंद होतं. डांबरी रस्त्यावर हे कळत नाही, पावसाळ्यात शेताच्या चिखलात कळतं. जाळी साफ करून ऑइल बदलल्याची नोंद मागा. ती नसेल तर ते काम आपल्या खर्चात धरा.

आमचं मत विचाराल तर, गावातल्या छोट्या फेऱ्या, शेतरस्ता आणि महिन्याला दोन-तीन घाट या वापराला ही गाडी योग्य नाही. गाडी वाईट आहे म्हणून नव्हे, तुमचा वापर तिच्या डीपीएफला मानवणारा नाही म्हणून. शिवाय ती बंद पडली तर फ्लॅटबेडवर, म्हणजे पूर्ण गाडी वर घेणाऱ्या ट्रकवर, चढवूनच न्यावी लागते. दोन चाकं जमिनीवर ठेवून ओढलेली चारचाकी-ड्राइव्ह गाडी कपलिंग जाळून घेते. अधिकृत वर्कशॉप तुमच्यापासून किती अंतरावर आहे आणि फ्लॅटबेड तेवढ्याचे किती घेतो, हे आधी फोन करून विचारा. त्यापेक्षा चार-पाच वर्षांची फॉर्च्युनर बघा. आतून ती एवढी शांत आणि गुबगुबीत नाही, पण तिच्या २.८ लिटर इंजिनावर हात बसलेला मेकॅनिक कराडमध्येच मिळेल.

प्रश्न : २०१७ ची मर्सिडीज जीएलई ३५०डी बघितली आहे, एक मालक. एअर सस्पेन्शन आहे. ते गेलं तर लाखांत जातं म्हणतात. आधीच ओळखता येतं का? आणि मर्सिडीज चाकणलाच बनते, मग पार्ट स्वस्त नकोत का? (एक वाचक, पिंपरी-चिंचवड)

उत्तर : ओळखता येतं, आणि त्याला फक्त मोजपट्टी लागते. संध्याकाळी सपाट जागी गाडी उभी करा. चारही चाकांच्या मध्यबिंदूपासून फेंडरच्या खालच्या कडेपर्यंतची उंची मिलिमीटरमध्ये लिहून ठेवा. सकाळी गाडी सुरू न करता, शक्यतो दारही न उघडता, पुन्हा मोजा. चारही कोपरे सारखेच पाच-सात मिलिमीटर उतरले तर चिंता नाही. एकच कोपरा दहाच्या वर उतरला असेल तर त्या कोपऱ्याची एअर बॅग (सस्पेन्शनची हवेची रबरी पिशवी, अपघातात फुगणारी नव्हे) किंवा तिचा वरचा जोड गळतो आहे. पुढचे दोन किंवा मागचे दोन एकदम बसले तर व्हॉल्व्ह ब्लॉकवर, म्हणजे चारही बॅगांना हवा वाटणाऱ्या भागावर, संशय घ्या. मग स्प्रे बाटलीत भांडी घासायचं लिक्विड आणि पाणी घालून रबराच्या खालच्या घडीवर फवारा. तिथे बारीक भेगा असतील तर बुडबुडे लगेच दिसतात.

बारीक गळतीकडे मालक दुर्लक्ष करतात, कारण गाडी सुरू केली की ती वर येते. पण ती वर आणायला हवा भरणारा कॉम्प्रेसर रोज जास्त वेळ चालतो, तापतो आणि जळतो. त्याच्या रिलेचे पॉइंट चिकटले तर गाडी बंद केल्यावरही तो चालू राहतो. म्हणून नवा कॉम्प्रेसर टाकताना रिलेही नवा टाकायचा, आणि त्याआधी गळती शोधायची. गळती तशीच ठेवून टाकलेला कॉम्प्रेसर वर्षभरात पुन्हा जातो. 'बॅग काढून साध्या स्प्रिंगा टाकून देतो' असं कोणी सांगितलं तर नको म्हणा. डॅशबोर्डवर कायमचा इशारा राहतो, हेडलाइटची पातळी बिघडते आणि अपघाताच्या दाव्यात विमा कंपनीला बोट ठेवायला जागा मिळते.

एअर सस्पेन्शनची काळजी करताना इंजिन विसरू नका. ३५०डी मध्ये ओएम६४२ हे सहा सिलिंडरचं व्ही आकाराचं डिझेल आहे. मजबूत इंजिन, पण त्याचा ऑइल कूलर दोन ओळींच्या मधल्या खाचेत, टर्बो आणि इनटेकच्या खाली बसवलेला आहे. त्याचे सील उष्णतेने कडक होतात आणि ऑइल मागच्या उतारावरून ओघळत इंजिन-गिअरबॉक्सच्या सांध्यापाशी येतं. खालून बघणाऱ्याला क्रँकचं मागचं सील गेल्यासारखं वाटतं, आणि अनेक ठिकाणी गिअरबॉक्स उतरवून भलतंच सील बदललं जातं. सील स्वस्त आहेत, पण तिथवर पोहोचायला वरचं सगळं उतरवावं लागतं. गाडी लिफ्टवर घ्या, खालचं कव्हर काढायला लावा, टॉर्च मारा. तो सांधा ओला असेल तर किंमत त्या हिशेबाने कमी करून घ्या. ऑइल एमबी २२९.५१ किंवा २२९.५२ मानकाचं घातलं गेलं आहे का, ते जुन्या बिलांवर बघा.

पार्टच्या किमतीबद्दल. मर्सिडीज चाकणला, ऑडी छत्रपती संभाजीनगरजवळ शेंद्र्याला आणि लँड रोव्हरची काही मॉडेलं पुण्यात जुळवली जातात, हे खरं. पण 'जुळवली' हा शब्द महत्त्वाचा. इंजिन, गिअरबॉक्स, इलेक्ट्रॉनिक्स हे बहुतेक संचाच्या रूपात बाहेरून येतं. त्यामुळे नव्या गाडीवरचा आयातकर वाचतो, सात वर्षांनी लागणारा एअर स्ट्रट (एअर बॅगसह येणारा सस्पेन्शनचा खांब) स्वस्त होत नाही. जुन्या गाडीची किंमत निम्म्यावर येते, तिच्या पार्टची येत नाही. पंचवीस-तीस लाखांना घेतलेल्या गाडीचा हेडलाइट ऐंशी लाखांच्या गाडीचाच असतो. म्हणून टोकन देण्याआधी चासी क्रमांक देऊन अधिकृत सर्व्हिस सेंटरकडून पाच गोष्टींचं लेखी एस्टिमेट घ्या : पुढचा एक एअर स्ट्रट, कॉम्प्रेसर, एक एलईडी हेडलाइट, ऑइल कूलर सीलचं काम मजुरीसह, आणि पुढची काच कॅमेऱ्याच्या कॅलिब्रेशनसह. त्यातली कुठलीही दोन कामं एका वर्षात आली तर झेपतील का, याचं उत्तर 'हो' असेल तरच पुढे जा. कर्जाचा हप्ता जेमतेम बसत असेल तर ही गाडी घेऊ नका.

प्रश्न : दिल्लीहून आलेली २०१६ ची बीएमडब्ल्यू एक्स५ ३०डी इथल्या भावापेक्षा खूप स्वस्त मिळते आहे. डीलर म्हणतो कागद स्वच्छ आहेत. धोका काय? (एक वाचक, नाशिक)

उत्तर : स्वस्त का, हे आधी. राष्ट्रीय हरित लवादाने २०१५ मध्ये दिल्ली परिसरात दहा वर्षांवरच्या डिझेल गाड्यांवर बंदी घातली, २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती उचलून धरली. पुढे अंमलबजावणीत बदल होत राहिले, पण तिथल्या मालकाच्या मनातली धास्ती गेली नाही. त्यामुळे दहा वर्षांच्या आसपासचं डिझेल तिथून बाहेर पडतं. कारण बिघाडाचं नसून कायद्याचंही असू शकतं, म्हणजे गाडी चांगलीही निघू शकते.

कागदांत तिथल्या आरटीओची एनओसी (फॉर्म २८), मालकी बदलाचे फॉर्म २९ आणि ३०, कर्ज होतं तर फॉर्म ३५ आणि बँकेचं पत्र हे सगळं हातात हवं. महाराष्ट्रात पुन्हा नोंदणी करताना रोड टॅक्स वयानुसार पुन्हा भरावा लागतो. तो किती, हे नाशिक आरटीओत विचारून किमतीत मिळवा. बऱ्याच सौद्यांत 'स्वस्त'पणाचा मोठा हिस्सा तिथेच संपतो. परिवहनच्या संकेतस्थळावर बोजा, विमा आणि थकलेली चलनं बघा.

किलोमीटर. मीटर मागे फिरवणं सोपं आहे, सगळीकडून पुसणं अवघड. बीएमडब्ल्यूच्या किल्लीतही किलोमीटर साठतात आणि सर्व्हिस सेंटरवर किल्ली वाचता येते. दोन्ही किल्ल्या मागा. चासी क्रमांकावरून कंपनीकडची सर्व्हिस नोंदही काढा. शेवटची नोंद तीन वर्षांपूर्वी ९६ हजारांची आणि आज मीटर ८८ हजार, असं निघालं तर बोलणं संपलं.

यांत्रिक बाजूला या गाडीचं एन५७ इंजिन सहा सिलिंडरचं, गुळगुळीत आणि दमदार आहे. चेन याचीही मागेच आहे, तेव्हा थंड स्टार्टची तपासणी वरच्यासारखीच करा. त्याहून आधी एक प्रश्न विचारा : ईजीआर कूलरचा (इंजिनात परत सोडला जाणारा धूर गार करणाऱ्या भागाचा) रिकॉल झाला आहे का? २०१८ मध्ये बीएमडब्ल्यूने चार आणि सहा सिलिंडरच्या अनेक डिझेल गाड्या यासाठी जगभर परत बोलावल्या. कूलर आतून झिरपला की कूलंट आणि काजळीचा थर बसतो, तो पेटून इनटेक मॅनिफोल्ड वितळू शकतो आणि क्वचित आग लागते. चासी क्रमांक दिला की सर्व्हिस सेंटर सांगतं. कूलंट वारंवार भरावा लागत असेल तर कूलर बघितल्याशिवाय गाडी चालवूही नका.

गिअरबॉक्स झेडएफचा आठ गिअरचा, उत्तम. 'याचं ऑइल आयुष्यभर बदलायचं नसतं' असं काउंटरवर ऐकाल. पण बॉक्स बनवणारी झेडएफ स्वतः ८० हजार ते १.२ लाख किमी किंवा आठ वर्षांत बदलायला सांगते. सहा-सात लिटर ऑइल लागतं. खालचा पॅन प्लास्टिकचा असून फिल्टर त्यातच असतो, म्हणून पॅनही नवा घ्यावा लागतो. पातळी बघण्याची रीत ठरलेली आहे : गाडी सपाट, इंजिन चालू, ऑइल ३० ते ५० अंशांत. हे न पाळता भरलेला बॉक्स महिन्याभरात धक्के देऊ लागतो आणि दोष मात्र नव्या ऑइलला लागतो.

टायर चारही एकाच कंपनीचे, एकाच नमुन्याचे आणि सारखे झिजलेले आहेत का? एक्स-ड्राइव्हचा, म्हणजे बीएमडब्ल्यूच्या चारचाकी-ड्राइव्हचा, ताकद पुढे-मागे वाटणारा ट्रान्स्फर केस पुढच्या-मागच्या चाकांच्या घेरातल्या फरकाला फार हळवा असतो. पुढे जुने आणि मागे नवे टायर टाकून चालवलं की आतला क्लच सतत घसरत राहतो. मोकळ्या जागेत स्टिअरिंग पूर्ण वळवून सावकाश गोल फिरवा. गाडी अडखळत, उड्या मारल्यासारखी गेली तर ट्रान्स्फर केस दुखावलेला असू शकतो. टायरवरचे शेवटचे चार आकडे आठवडा आणि साल सांगतात : २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. एवढा जुना टायर नक्षी शिल्लक असली तरी बाद समजा.

प्रश्न : ऑडी क्यू५ पेट्रोल, २०१९. म्हापशात आंब्याच्या झाडाखाली उभी राहील. पावसात काय जपावं? (एक वाचक, गोवा)

उत्तर : सनरूफ. काचेभोवतीच्या पन्हळीत पाणी येणारच, ते चार कोपऱ्यांतल्या नळ्यांनी खाली जातं. आंब्याचा मोहोर आणि पानांचा चुरा या नळ्यांच्या तोंडाशी लगदा करतो, पाणी खांबातून आत कार्पेटखाली उतरतं, आणि तिथेच वायरिंगचे जोड असतात. मग एके दिवशी खिडक्या चालत नाहीत, दुसऱ्या दिवशी लॉक, आणि कारण महिनाभर सापडत नाही. विकत घेताना पुढची दोन्ही पायदानं उचलून कार्पेट तळहाताने जोरात दाबा. ओल वर येते. सनरूफ उघडून पुढच्या प्रत्येक कोपऱ्यात पेलाभर पाणी सावकाश ओता, काही सेकंदांत ते गाडीखाली टपकायला हवं. साफ करायला गवत कापायच्या यंत्राची नायलॉन दोरी अलगद घाला. हवेचा प्रेशर मारू नका, नळी आतल्या आत निसटते आणि मग छताचं अस्तर उतरवावं लागतं. मे महिन्याच्या अखेरीस एकदा आणि पावसाच्या मध्यावर एकदा हे करा.

या गाडीची दुसरी खोड म्हणजे इंजिनाच्या वॉटर पंप आणि थर्मोस्टॅटचं प्लास्टिकचं घर. ते उष्णतेने वाकतं आणि कूलंट झिरपतो. खाली थेंब दिसत नाही, इंजिनावरच सुकून गुलाबी-जांभळट पापुद्रा राहतो. बदलताना पंप चालवणारा छोटा पट्टाही सोबत बदला. आणि झाड शक्य असेल तर टाळाच.

प्रश्न : ठाण्यात रोजचं जाणं-येणं १२ किमी, तेही गर्दीत. नवी बीएस६ डिझेल एसयूव्ही घ्यावी का? (एक वाचक, ठाणे)

उत्तर : नाही. कराडच्या उत्तरात डीपीएफबद्दल जे लिहिलं ते तुम्हाला दुप्पट लागू आहे, आणि बीएस६ मध्ये बहुतेक मोठ्या डिझेलांना डीईएफची, म्हणजे ३२.५ टक्के युरियाच्या द्रावणाची, टाकीही आली. गाडी कमी चालली की ते द्रावण टाकीत जुनं होतं, नोझलवर खडे धरतात आणि 'इतक्या किलोमीटरनंतर गाडी सुरू होणार नाही' अशी उलटी मोजणी सुरू होते. तुमच्यासाठी हायब्रीड. लेक्सस एनएक्स ३५०एच मध्ये २.५ लिटरचं टर्बो नसलेलं पेट्रोल इंजिन आहे आणि नेहमीच्या गिअरबॉक्सची जागा प्लॅनेटरी गिअरने, म्हणजे सूर्याभोवती ग्रह फिरावेत तशा फिरणाऱ्या दातेरी चाकांच्या रचनेने घेतली आहे. घसरून झिजणारा क्लच नाही, डीपीएफ नाही. दोन गोष्टी पाळा : मागच्या सीटजवळची बॅटरीच्या हवेची जाळी सामानाने झाकू नका आणि तिचा फिल्टर दर सर्व्हिसला झटकून घ्या. गाडी आठवडाभर उभी राहणार असेल तर साधी १२ व्होल्टची बॅटरी उतरते, तिला छोटा चार्जर लावून ठेवा.

प्रश्न : एक्स्टेंडेड वॉरंटी घ्यावी की ते पैसे बाजूला ठेवावेत? (एक वाचक, सोलापूर)

उत्तर : कंपनीची स्वतःची असेल तर घ्या, आणि मूळ वॉरंटी संपण्याआधी घ्या, नंतर घ्यायची म्हटलं तर तपासणी आणि जादा आकार लागू शकतो. कागदावर तीन गोष्टी शोधा : एअर सस्पेन्शन आत धरलं आहे का, टर्बो आणि इंजेक्टर आहेत का, आणि एका दाव्याला किंवा एकूण रकमेला मर्यादा आहे का. जुन्या गाड्यांच्या डीलरने दिलेल्या 'इंजिन-गिअरबॉक्स वॉरंटी'त बहुतेकदा फक्त ऑइलमध्ये बुडालेले धातूचे भाग धरतात. वर सांगितलेले सील, प्लास्टिकची घरं, सेन्सर, कॉम्प्रेसर यांपैकी काहीच त्यात येत नाही. पाणी शिरून इंजिन गेलं तर ते नुकसान वॉरंटीत बसत नाही. त्यासाठी विम्यात इंजिन प्रोटेक्ट वेगळं घ्यावं लागतं, आणि साचलेल्या पाण्यात बंद पडलेली गाडी पुन्हा स्टार्ट मारली तर तो दावाही अडकू शकतो. अशा वेळी बटणाला हात न लावता फ्लॅटबेड बोलवा.